डोक्याचे डॉक्टर नेमके कोणते?

मनाच्या आजारांवर काम करणारी माणसे एकाच प्रकारची नसतात. २०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्याने त्यांचे प्रकार वेगळे सांगितले आहेत: मानसोपचारतज्ज्ञ म्हणजे सायकियाट्रिस्ट, क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट, मानसिक आरोग्य परिचारिका आणि सायकियाट्रिक सोशल वर्कर. आयुर्वेद, होमिओपॅथी, युनानी आणि सिद्ध या शाखांत मनोविकारांचे पदव्युत्तर शिक्षण घेतलेले वैद्यही या यादीत येतात. प्रत्येकाचे शिक्षण, नोंदणी आणि अधिकार निराळे आहेत. बोलण्यात मात्र सगळ्यांना मिळून ‘डोक्याचे डॉक्टर’ म्हटले जाते. त्यामुळे गोळ्यांची गरज असलेला माणूस महिनोन्‌महिने नुसते बोलून घेत राहतो आणि बोलण्याची गरज असलेला वर्षानुवर्षे झोपेच्या गोळ्या खातो.

मन आणि म्हैस या नद्यांच्या संगमावरचे बाळापूर हे अकोला जिल्ह्यातले तालुक्याचे गाव आहे. अकोला इथून पंचवीस-सव्वीस किलोमीटरवर, तर विदर्भाचे जुने प्रादेशिक मनोरुग्णालय नागपुरात, अकोल्याहूनही सुमारे अडीचशे किलोमीटर पुढे. पुण्या-मुंबईत छापलेल्या माहितीपत्रकांत ‘आपल्याला योग्य तो तज्ज्ञ निवडा’ असा सल्ला असतो. वाडेगाव, उरळ किंवा पारसकडच्या माणसासमोर निवड करण्याइतके तज्ज्ञ बसलेलेच नसतात. त्याच्यापुढचा प्रश्न वेगळा असतो: जो कोणी भेटेल त्याला काय करता येते, काय करता येत नाही आणि त्याने पुढे कोणाकडे पाठवायला हवे?

समजा, तालुक्यातला एखादा चाळिशीतला शेतकरी दोन महिन्यांपासून नीट झोपत नाही. पहाटे तीनला जाग येते, जेवण जात नाही, छातीत धडधडते, शेतात जायचे मन होत नाही. घरच्यांना वाटते कर्जाचे टेन्शन आहे, शेजाऱ्यांना वाटते बाहेरचे काही आहे, आणि त्याला स्वतःला वाटते की आपल्याला पोटाचा मोठा आजार झाला आहे. या एका माणसाकडे वेगवेगळ्या तज्ज्ञांची नजर कशी वळते हे पाहिले की त्यांच्यातला फरक चटकन ध्यानात येतो.

मानसोपचारतज्ज्ञ हा आधी डॉक्टर असतो. साडेचार वर्षांचे एमबीबीएस, एक वर्षाची इंटर्नशिप आणि त्यानंतर तीन वर्षांचे एमडी किंवा डीएनबी, असा हा प्रवास आहे. ज्यांनी दोन वर्षांची पदविका केली त्यांच्या नावापुढे डीपीएम असते. त्यांची नोंदणी वैद्यकीय परिषदेकडे असते. औषध लिहिणे, रुग्णाला दाखल करून घेणे, मनोविकाराचे वैद्यकीय निदान करणे हे त्यांचे काम. या डॉक्टरची पहिली भेट अनेकांना विचित्र वाटते, कारण ते स्टेथोस्कोप क्वचितच लावतात आणि प्रश्न फार विचारतात. झोप कधी मोडते, वजन किती उतरले, दारू किती, घराण्यात पूर्वी कोणाला असा त्रास होता का, कानात आवाज येतात का, जगणे नकोसे वाटते का? हे प्रश्न म्हणजेच त्यांची तपासणी. सोबत आलेल्या बायकोला किंवा भावाला वेगळे बोलावून विचारणे हाही तपासणीचाच भाग असतो.

वरच्या शेतकऱ्याला हे डॉक्टर बहुधा रक्ताच्या काही तपासण्या करायला सांगतील. थायरॉइड मंदावला, जीवनसत्त्व बी-१२ कमी झाले, रक्त कमी झाले तरी माणूस नैराश्यासारखाच दिसू शकतो. रक्तदाबाच्या किंवा इतर आजाराच्या एखाद्या औषधानेही मन खाली जाऊ शकते. शरीर आणि मन असे दोन्हीकडून पाहण्याचे शिक्षण झालेले असणे, हे मानसोपचारतज्ज्ञाचे खरे वेगळेपण आहे. लोक त्याला फक्त गोळ्या देणारा समजतात, ते अर्धेच खरे. नैराश्यावरच्या गोळ्यांचा गुण दिसायला साधारण दोन ते चार आठवडे लागतात, कधी त्याहून जास्त. मळमळ किंवा डोके जड होणे असे त्रास मात्र पहिल्याच आठवड्यात होऊ शकतात. ही गोष्ट सांगितली गेली नाही तर माणूस पाचव्या दिवशी गोळ्या फेकून देतो आणि ‘डॉक्टरचा गुण आला नाही’ म्हणतो. झोपेच्या गोळ्यांची गोष्ट नेमकी उलटी आहे: गुण पहिल्याच रात्री येतो आणि सवयही लवकर लागते. म्हणूनच अल्प्राझोलामसारख्या गोळ्या ‘शेड्यूल एच-१’ मध्ये टाकल्या आहेत. चिठ्ठीशिवाय त्या विकता येत नाहीत आणि विक्रीची वेगळी नोंद ठेवणे औषध दुकानदाराला बंधनकारक आहे. तरीही जुन्या चिठ्ठीवर किंवा ओळखीवर त्या मागणारे ग्राहक कमी नाहीत.

भास, संशय, एकट्याने बडबड, आठ-आठ दिवस न झोपता पैसे उधळत फिरणे, बाळंतपणानंतर बाळाकडे पाठ फिरवून बसणे, अशी लक्षणे दिसली की इतर कोणाकडे वेळ न घालवता मानसोपचारतज्ज्ञाकडेच जायला हवे. स्किझोफ्रेनिया, बायपोलर आजार आणि तीव्र नैराश्य यांत औषधाला पर्याय नाही. ‘शॉक’ देण्याची सिनेमातली भीतीही इथेच निवारावी. भूल आणि स्नायू सैल करणारे औषध दिल्याशिवाय विद्युत उपचार करण्यास २०१७ च्या कायद्याने मनाई केली आहे.

न्यूरॉलॉजिस्ट हा मेंदूचा आणि मज्जातंतूंचा डॉक्टर. लकवा, मिरगी, कंपवात हे त्याचे आजार. मिरगीचा रुग्ण मनोरुग्णांच्या रांगेत आणि नैराश्याचा रुग्ण सीटी स्कॅनच्या रांगेत अशी गल्लत नेहमी होते. नैराश्याचे निदान स्कॅनने होत नाही, त्यामुळे तो खर्च बहुतेक वेळा वाया जातो. मोठ्या वयात विसरभोळेपणा वाढला तर मात्र दोघांपैकी कोणाकडेही सुरुवात करता येते.

क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट हा वैद्यकीय डॉक्टर नसतो. मानसशास्त्रात एमए झाल्यावर भारतीय पुनर्वसन परिषदेने मान्य केलेला दोन वर्षांचा एमफिल अभ्यासक्रम रुग्णालयात राहून पूर्ण केला की ही पदवी मिळते, अशी रीत अनेक दशके चालत आली. नव्या शैक्षणिक धोरणानंतर या अभ्यासक्रमांची रचना बदलते आहे, पण मूळ अट कायम आहे: परिषदेची मान्यता आणि परिषदेच्या केंद्रीय पुनर्वसन नोंदवहीत नाव. नुसते एमए मानसशास्त्र झालेला माणूस मानसशास्त्राचा अभ्यासक असतो, शिक्षक होऊ शकतो, पण क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट होत नाही. गावात या दोन पातळ्यांत फरक केला जात नाही, आणि पाटीवर तो नेहमी दिसतोच असेही नाही.

या तज्ज्ञाची दोन मोठी कामे. पहिले मोजमापाचे. मुलाची बुद्धी वयाच्या मानाने किती, वाचता न येण्यामागे आळस आहे की अध्ययन अक्षमता, अपघातानंतर स्मरणशक्ती किती गेली, हे प्रमाणित चाचण्यांनी मोजले जाते. या कामाला महाराष्ट्रात जुनी परंपरा आहे. व्ही. व्ही. कामत यांनी १९३० च्या दशकात फ्रेंच मानसशास्त्रज्ञ बिने यांच्या बुद्धिचाचणीचे मराठी आणि कन्नड मुलांसाठी रूपांतर केले. ‘बिने-कामत’ या नावाने ती चाचणी पिढ्यान्‌पिढ्या वापरली गेली. आज दिव्यांग प्रमाणपत्रासाठी बौद्धिक अक्षमता, स्वमग्नता किंवा अध्ययन अक्षमता ठरवताना अशा चाचणीचा अहवाल लागतो. बाळापुरातून अकोल्याला मुलाला घेऊन चकरा मारणाऱ्या पालकांना या तज्ज्ञाची पहिली ओळख बहुधा प्रमाणपत्राच्या निमित्ताने होते, उपचाराच्या निमित्ताने नव्हे.

दुसरे काम मानसोपचाराचे, म्हणजे बोलून करायच्या उपचाराचे. हा उपचार गप्पांपेक्षा वेगळा असतो. त्याला आराखडा असतो, बैठकांची संख्या साधारण ठरलेली असते आणि घरी करायचा अभ्यास दिलेला असतो. विचार-वर्तन उपचार, ज्याला सीबीटी म्हणतात, तो सर्वांत जास्त तपासला गेलेला प्रकार. वरच्या शेतकऱ्याच्या मनात ‘एक पीक गेले म्हणजे मी कुचकामी’ असे गणित पक्के झालेले असते. सायकॉलॉजिस्ट ते गणित त्याच्याकडूनच मांडून घेतो, कोणते वर्ष कसे गेले हे आठवायला लावतो आणि दिवसाची छोटी छोटी कामे पुन्हा सुरू करून देतो. पहाटे उठून बैलांना पाणी दाखवणे एवढेसे कामही यादीत असू शकते. सौम्य आणि मध्यम नैराश्यात, चिंतेच्या आजारात, मंत्रचळात हा उपचार औषधाइतकाच कामाचा ठरतो आणि अनेकदा दोन्ही मिळून जास्त. त्याची अडचण एकच: वेळ. औषधासाठी महिन्याला एक चक्कर पुरते, याला आठवड्याला एक लागते. कापूस वेचणीच्या दिवसांत एसटीने दर आठवड्याला अकोला गाठणे किती जणांना जमेल?

औषध कोणी लिहायचे, यावर कायदा स्पष्ट आहे. आपल्या व्यवसायाच्या क्षेत्राबाहेरचे औषध किंवा उपचार सुचवण्यास २०१७ च्या कायद्याचे कलम १०६ मनाई करते. सायकॉलॉजिस्टने, समुपदेशकाने किंवा सोशल वर्करने गोळी लिहून देणे बेकायदा आहे, चालू गोळी ‘आता बंद करा’ म्हणून सांगणेही त्यांचे काम नाही. हा दुसरा प्रकार जास्त घातक ठरतो. मन हलके झाले की रुग्णाला गोळी नकोशी वाटते, समोरच्या माणसाने मान डोलावली की ती बंद होते आणि आजार काही महिन्यांत उलटून येतो.

समुपदेशक, म्हणजे कौन्सेलर, ही या क्षेत्रातली सर्वांत अस्पष्ट जागा आहे. २०१७ च्या कायद्यातल्या तज्ज्ञांच्या यादीत समुपदेशक नाही. दोन वर्षांचे एमए समुपदेशन केलेली व्यक्ती, एमएसडब्ल्यू झालेली व्यक्ती आणि आठवडाअखेरच्या शिबिराचे प्रमाणपत्र भिंतीवर लावलेली व्यक्ती, तिघेही स्वतःला समुपदेशक म्हणवू शकतात, अशीच स्थिती आजवर होती. २०२१ मध्ये संसदेने संलग्न आरोग्य व्यावसायिकांसाठी राष्ट्रीय आयोगाचा कायदा केला. त्यात मानसशास्त्रज्ञ, आरोग्य समुपदेशक आणि सोशल वर्कर यांना वर्तणूक आरोग्य व्यावसायिकांच्या गटात जागा दिली. त्यांचे शिक्षण आणि नोंदणी ठरवण्याची व्यवस्था या कायद्याने घालून दिली आहे. ती घडी बसेपर्यंत पारख ग्राहकालाच करावी लागते, ही कटू वस्तुस्थिती आहे.

तरी समुपदेशक निरुपयोगी असे अजिबात नाही. उलट सरकारी व्यवस्थेत ग्रामीण माणसाला सहज भेटणारा तोच. एचआयव्ही तपासणी केंद्रात समुपदेशक असतो. किशोरवयीन मुलामुलींसाठी सरकारी रुग्णालयांत ‘मैत्री क्लिनिक’ चालते, तिथे समुपदेशक असतो. महिलांच्या तक्रारींसाठी पोलिसांकडच्या कक्षात, काही शाळा-महाविद्यालयांत, व्यसनमुक्ती केंद्रात असतो. परीक्षेची धास्ती, नवरा-बायकोतील कुरबूर, जवळच्या माणसाचा मृत्यू, नोकरी जाणे अशा प्रसंगी आजार झालेला नसतो, पण आधार हवा असतो, आणि तिथे चांगला समुपदेशक मोठे काम करतो. व्यसनमुक्तीत तर पदवीपेक्षा अनुभव किती मोलाचा असू शकतो याचे उदाहरण महाराष्ट्राकडेच आहे. डॉ. सुनंदा (अनिता) अवचट आणि अनिल अवचट यांनी १९८६ मध्ये पुण्यात सुरू केलेल्या मुक्तांगणात व्यसनातून बाहेर आलेले अनेक जण पुढे समुपदेशक झाले. तिथे मानसोपचारतज्ज्ञाची देखरेख होती आणि आहे, हे मात्र विसरून चालणार नाही. चांगल्या समुपदेशकाची खूण सोपी आहे: आपल्या हाताबाहेरचे काय, हे त्याला माहीत असते आणि तो वेळेवर पुढे पाठवतो. ‘तीन बैठकांत नैराश्य मुळासकट’ अशी जाहिरात करणाऱ्याला ते माहीत नसते.

सायकियाट्रिक सोशल वर्करची गरज वऱ्हाडात जितकी आहे तितकी त्याची ओळख नाही. एमएसडब्ल्यूनंतर या विषयातला एमफिल किंवा तत्सम मान्य शिक्षण घेतलेला हा तज्ज्ञ रुग्णाच्या डोक्यापेक्षा त्याच्या घराकडे पाहतो. या विद्येची भारतातली मुळेही मुंबईची. पुढे टाटा सामाजिक विज्ञान संस्था म्हणून प्रसिद्ध झालेली शाळा १९३६ मध्ये तिथे सुरू झाली आणि तिने बालमार्गदर्शनाचे दवाखानेही लवकरच चालवले. सरकारी रुग्णालयांत समाजसेवा अधीक्षक या नावाने वैद्यकीय सोशल वर्कर भेटतो, पण मनोविकारांचे खास प्रशिक्षण असलेला दुर्मीळ.

आपल्या शेतकऱ्याच्या बाबतीत सोशल वर्कर काय करेल? गोळ्या नियमित घेतल्या जातात का हे तो बायकोकडून जाणून घेईल. पीक विम्याचा दावा अडकला असेल तर कोणत्या कार्यालयात कोणता कागद द्यायचा ते सांगेल. सावकाराच्या तगाद्याने झोप उडाली असेल तर सावकारी नियमन कायद्याखाली सहकार खात्याच्या निबंधकाकडे तक्रार करता येते, हे त्याला माहीत असेल. आजार जुना आणि गंभीर असेल तर दिव्यांग प्रमाणपत्र आणि संजय गांधी निराधार योजनेचा अर्ज हीसुद्धा उपचाराचीच पायरी धरेल. मुलीच्या लग्नात सोयऱ्यांना काय सांगायचे, या प्रश्नावरही तो घरच्यांबरोबर बसेल. पीक गेल्याने आलेले दुखणे केवळ गोळीने बरे होईल असे मानणे जितके भाबडे, तितकेच ते केवळ कर्जमाफीने बरे होईल असे मानणेही. दोन्ही टोकांच्या मधली जागा या माणसाची आहे.

मानसिक आरोग्य परिचारिका ही नर्सिंगच्या पदवीनंतर किंवा पदविकेनंतर मनोरुग्णसेवेचे शिक्षण घेतलेली असते. वॉर्डात रुग्णाच्या सर्वांत जवळ तीच असते. दुष्परिणाम आधी तिलाच दिसतात, आणि घरी गेल्यावर कसे वागायचे हे नातेवाइकांना तीच समजावते. आयुर्वेद किंवा होमिओपॅथीतल्या मनोविकारतज्ज्ञांबाबत एवढे ध्यानात ठेवावे की कायद्याने मान्यता आहे ती त्या विषयातल्या पदव्युत्तर शिक्षणाला. त्या शाखेच्या प्रत्येक दवाखान्याला ती नाही. शिवाय चालू असलेली ॲलोपॅथीची औषधे परस्पर थांबवू नयेत.

हे सगळे तज्ज्ञ मिळून देशात फार थोडे आहेत. भारतात एक लाख लोकसंख्येमागे एक मानसोपचारतज्ज्ञही पडत नाही. २०१९ मध्ये ‘इंडियन जर्नल ऑफ सायकियाट्री’त मांडलेला हिशोब लाखामागे ०.७५ इतका होता, आणि बहुतेक तज्ज्ञ शहरांत एकवटलेले आहेत. बंगळुरूच्या निम्हान्स संस्थेने २०१५-१६ मध्ये केलेल्या राष्ट्रीय सर्वेक्षणात दर शंभर प्रौढांपैकी दहा-अकरा जणांना उपचार लागेल असा मनोविकार आढळला, आणि वेगवेगळ्या आजारांत ७० ते ९२ टक्के रुग्ण उपचारापासून दूर होते. ते सर्वेक्षण बारा राज्यांत झाले. त्यात महाराष्ट्र नव्हता, पण वऱ्हाडचे चित्र याहून उजळ असेल असे मानायला आधार नाही.

१९८२ मध्ये राष्ट्रीय मानसिक आरोग्य कार्यक्रम आणि १९९६ मध्ये जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रम सुरू झाला तो या तुटवड्यावरचा उपाय म्हणून. कर्नाटकातल्या बेल्लारी जिल्ह्यात आधी हा प्रयोग झाला होता. कल्पना अशी की जिल्ह्याच्या ठिकाणी मानसोपचारतज्ज्ञ, क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट, सोशल वर्कर आणि परिचारिका यांचे पथक असावे, त्यांनी तालुक्याच्या रुग्णालयांत ठरलेल्या दिवशी जावे आणि प्राथमिक आरोग्य केंद्रांतल्या वैद्यकीय अधिकाऱ्यांना साध्या आजारांचे उपचार शिकवावेत. वर सांगितलेले चारही प्रकार एका पथकात एकत्र दिसण्याची जिल्ह्यातली जागा ही. कागदावर ती उत्तम आहे. मंजूर पद आणि भरलेले पद यांतल्या अंतराचा अनुभव सरकारी दवाखान्यात गेलेल्या प्रत्येकाला असतो. अकोल्यात २००२ पासून शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे. त्याच्याशी जोडलेल्या सर्वोपचार रुग्णालयात मानसोपचार विभागाची बाह्यरुग्ण सेवा केसपेपर काढून घेता येते.

यातून वऱ्हाडाने एक वेगळाच धडा घालून दिला. शेतकरी आत्महत्यांमुळे विदर्भाचे नाव देशभर झाले, तेव्हा संगाथ या संस्थेने टाटा ट्रस्ट्सच्या मदतीने ‘विश्राम’ नावाचा प्रकल्प हाती घेतला. अमरावती जिल्ह्यातल्या तीस गावांतल्या अभ्यासाचे निष्कर्ष राहुल शिधये आणि सहकाऱ्यांनी २०१७ मध्ये ‘लॅन्सेट सायकियाट्री’त मांडले. गावातलेच कार्यकर्ते नैराश्याबद्दल बोलत, घरोघरी जाऊन ओळखत आणि मानसिक प्रथमोपचार देत. पदवीधर मानसशास्त्रज्ञ नसलेले पण या कामासाठी शिकवून तयार केलेले समुपदेशक बैठका घेत. ज्यांना औषध हवे त्यांच्यासाठी मानसोपचारतज्ज्ञ. दीड वर्षात, नैराश्य असलेल्यांपैकी उपचारासाठी कोणाकडे तरी गेलेल्यांचे प्रमाण ४.३ टक्क्यांवरून २७.२ टक्क्यांवर गेले. तज्ज्ञांची संख्या न वाढवता तज्ज्ञापर्यंतची वाट रुंद करता येते, हे यातून दिसले. तळाशी साधा कार्यकर्ता आणि वर मोजके तज्ज्ञ अशी ही मांडणी आहे. त्यात कोणाचीही जागा दुसऱ्याने घेतली नाही, म्हणूनच ती चालली.

राज्य सरकारचा २०१५ चा ‘प्रेरणा प्रकल्प’ही याच दिशेचा. शेतकरी समुपदेशन आरोग्य सेवा म्हणून तो विदर्भ-मराठवाड्यातल्या चौदा जिल्ह्यांत सुरू झाला, त्यात अकोला आणि अमरावती दोन्ही होते. आशा कार्यकर्तीने ठरलेली प्रश्नावली घेऊन घराघरांत जायचे, त्रास दिसलेल्या माणसाला पुढे पाठवायचे, १०४ क्रमांकावर फोनवरून सल्ला द्यायचा, अशी त्याची रचना. आशाताई निदान करत नाही आणि गोळी देत नाही. पण ‘गेल्या दोन आठवड्यांत कशातच मन लागत नाही असे वाटले का?’ हा प्रश्न बाळापूर तालुक्यातल्या उंबरठ्यावर विचारणारी माणसे तिच्याशिवाय फारशी नाहीत. अमुक इतके गुण आले म्हणजे आजार आहे असा या प्रश्नावलीचा अर्थ नसतो. कोणाला तज्ज्ञाने पाहायला हवे, इतकेच त्यातून कळते.

वऱ्हाडात डॉक्टरच्या आधी गाठला जाणारा माणूस म्हणजे देवऋषी, भगत किंवा मांत्रिक, आणि ठिकाण म्हणजे दर्गा. शेजारच्या बुलडाणा जिल्ह्यातल्या सैलानी बाबांच्या दर्ग्यावर मनोरुग्णांना घेऊन येणारी कुटुंबे होळीच्या सुमारास दूरदूरहून येतात. तिथे मिळणारा दिलासा खोटा म्हणता येणार नाही. घरी ज्याला खोलीत कोंडले जाते त्याला तिथे माणसांत वावरता येते. पण स्किझोफ्रेनियाच्या रुग्णाचे वर्ष अशा फेऱ्यांत गेले तर पुढचा उपचार अवघड होतो. साखळीने बांधण्यास कायद्याने स्पष्ट मनाई आहे. तमिळनाडूतल्या एरवाडीत ऑगस्ट २००१ मध्ये लागलेल्या आगीत साखळदंडात अडकलेले मनोरुग्ण जळून मेले, तेव्हापासून हा विषय देशापुढे आहे. महाराष्ट्राचा २०१३ चा जादूटोणाविरोधी कायदाही भूत उतरवण्याच्या नावाखाली बांधून ठेवणे, मारहाण करणे यांना गुन्हा ठरवतो. नवस फेडायला आणि गोळी घ्यायला एकाच कुटुंबाला जाता येते. अडचण येते ती गोळी बंद करायला सांगणारा भेटला तर.

आता क्रमाचा प्रश्न. त्रास नवा आणि सौम्य असेल तर सुरुवात ग्रामीण रुग्णालयातल्या किंवा प्राथमिक आरोग्य केंद्रातल्या एमबीबीएस डॉक्टरपासून करावी. शरीराचे कारण तपासणे आणि साध्या नैराश्याचे औषध सुरू करणे त्याच्या अधिकारात आहे. महिनाभरात उतार नसेल तर अकोल्याचा मानसोपचारतज्ज्ञ. त्याने आजाराचे नाव सांगितल्यावर, बोलण्याच्या उपचाराची गरज असेल तर तोच सायकॉलॉजिस्टकडे पाठवेल. चाचणी, प्रमाणपत्र, मुलाच्या अभ्यासातली अडचण असेल तर थेट सायकॉलॉजिस्टकडे गेले तरी चालते. आजार नसून प्रसंग अवघड असेल तर समुपदेशक. घर आणि कागदपत्रे विस्कटली असतील तर समाजसेवा अधीक्षक. आत्महत्येचे बोलणे किंवा हिंसक उद्रेक असेल तर हा क्रम सोडून जवळचे रुग्णालय गाठावे. जीव धोक्यात असताना कोणताही नोंदणीकृत डॉक्टर ७२ तासांपर्यंत तातडीचा उपचार करू शकतो, असे कायद्याचे कलम ९४ सांगते.

पोलिसांच्या भीतीने अशा वेळी उशीर करू नये. आत्महत्येचा प्रयत्न करणारी व्यक्ती तीव्र मानसिक ताणाखाली होती असे कायदा गृहीत धरतो, तिला सेवा देणे सरकारचे कर्तव्य ठरवतो, आणि १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत आत्महत्येच्या प्रयत्नाला शिक्षा सांगणारे जुने कलम ३०९ उरलेलेही नाही. खर्चाच्या बाजूनेही एक तरतूद कामाची आहे: शारीरिक आजारांप्रमाणेच मानसिक आजारांनाही आरोग्य विम्याचे संरक्षण द्यावे, असे बंधन विमा कंपन्यांवर आहे.

कोणाहीकडे पहिल्यांदा जाताना तीन गोष्टी विचारायला संकोच करू नये: शिक्षण कोणते, नोंदणी कोणाकडे आणि औषध लागले तर पुढे कोणाकडे पाठवाल? डॉक्टरची नोंदणी वैद्यकीय परिषदेकडे, क्लिनिकल सायकॉलॉजिस्टची पुनर्वसन परिषदेकडे असते, आणि राज्य मानसिक आरोग्य प्राधिकरणानेही सायकॉलॉजिस्ट, परिचारिका व सोशल वर्कर यांची नोंद ठेवायची असते. खरा तज्ज्ञ या प्रश्नांनी चिडत नाही. आणि कोणाकडे जावे हेच कळत नसेल, रात्रीची वेळ असेल, अकोल्याची एसटी निघून गेली असेल, तर केंद्र सरकारची टेलि-मानस सेवा आहे. १० ऑक्टोबर २०२२ पासून सुरू असलेल्या या सेवेचा क्रमांक १४४१६. फोनला पैसे पडत नाहीत, ती चोवीस तास चालते आणि मराठीत बोलता येते. तिथे आधी प्रशिक्षित समुपदेशक बोलतो आणि गरज पडल्यास तोच पुढे तज्ज्ञाशी जोडून देतो.